एकाच तालुक्यातले कातकरी आणि महादेव कोळी: सामाजिक-आर्थिक तुलना नेमकी कशी मांडावी?

माळशेज (प्रश्न)

शहापूर, मुरबाड आणि कर्जत या तीन तालुक्यांतल्या १२ गावांत कुटुंब-पाहणी आखतो आहोत. कातकरी १२० घरं, महादेव कोळी १२० घरं. दोन्ही समाज अनुसूचित जमातीत, डोंगर तोच, बाजाराचं गाव तेच, आणि तरीही परिस्थितीत खूप अंतर दिसतं. ते अंतर आकड्यांत कसं पकडायचं, हा प्रश्न आहे. मुख्य अडचणी अशा:

१) राज्यपातळीवरची जमातनिहाय आकडेवारी सरळ शेजारी-शेजारी ठेवली तर चालेल का?
२) वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न कसं काढायचं? उचल (भट्टीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) धरायची की नाही?
३) 'जमीन आहे का' या प्रश्नाला मिळणारी उत्तरं सातबाऱ्याशी जुळत नाहीत. कशावर विश्वास ठेवायचा?
४) पाहणीला कोणत्या महिन्यात जावं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. प्रश्नावली अजून छापलेली नाही, त्यामुळे बदल करता येतील.

---

खाचर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालणार नाही. का ते सांगतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात महादेव कोळी साधारण १४ लाख ६० हजार आणि कातकरी साधारण २ लाख ८५ हजार नोंदले गेले. आकडे खरे आहेत, पण दोन्ही आकडे एका प्रकारचे नाहीत. कातकरी म्हणून नोंदलेली माणसं बहुतेक रायगड, ठाणे, पालघर, पुणे, रत्नागिरी, नाशिक या पट्ट्यात वाड्यांवर राहणारी. 'महादेव कोळी' या नोंदीत मात्र अकोले, जुन्नर, आंबेगाव, इगतपुरी, मुरबाडचे डोंगरी शेतकरी आहेतच, शिवाय घाटापासून फार दूरच्या जिल्ह्यांतल्या नोंदीही आहेत.

याचं मूळ १९७६ च्या दुरुस्ती कायद्यात आहे. त्याआधी जमातींना क्षेत्रबंधन होतं, ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच अनुसूचित जमात मानलं जाई. ते बंधन उठलं आणि राज्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये २९ लाख ५४ हजार होती ती १९८१ मध्ये ५७ लाख ७२ हजार झाली. दहा वर्षांत जन्मदराने एवढी वाढ होत नाही. जनगणनेत जमात सांगणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर लिहिली जाते, दाखला मागत नाहीत. दाखल्याची पडताळणी ही वेगळी यंत्रणा. तिचे नियम ज्या निकालाने घालून दिले तो सर्वोच्च न्यायालयातला १९९४ चा माधुरी पाटील खटलासुद्धा महादेव कोळी दाव्याबद्दलचाच होता. कोणाचा दावा खरा हा इथला विषय नाही. मुद्दा एवढाच की राज्याची 'महादेव कोळी साक्षरता' म्हणून जो आकडा येतो त्यात शहरी, सपाटीवरची, नोकरदार कुटुंबंही मिसळलेली असतात. तो कातकऱ्यांच्या आकड्याशेजारी ठेवला की अंतर फुगतं, आणि डोंगरातल्या महादेव कोळ्यांची अडचण झाकली जाते.

म्हणून राज्याचा आकडा प्रस्तावनेत एका ओळीपुरता वापरा. तुलना तालुक्याच्या आत, जमल्यास एकाच ग्रामपंचायतीच्या आत करा.

दुसरा सापळा कामगारांच्या वर्गवारीत आहे. जनगणना कामाचे चार गट करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. वीट थापणारा जातो 'इतर' मध्ये. शिक्षक, तलाठी, एसटीचा वाहक हेही त्याच रकान्यात. 'इतर कामगार' वाढले म्हणजे शेतीबाहेरच्या चांगल्या रोजगारात प्रगती झाली, असा अर्थ अनेक प्रबंधांत काढलेला दिसतो. कातकऱ्यांच्या बाबतीत तो साफ उलटा असू शकतो.

तिसरा सापळा तारखेचा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा भट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असतो. गणनेच्या सगळ्या दिवसांत कुटुंब बाहेर असेल तर ते वाडीत मोजलं जात नाही, जिथे आहे तिथे मोजलं जातं. सुटलंच तर कुठेच नाही. त्यामुळे गावनिहाय यादीत वाडीची लोकसंख्या पाहून नमुना निवडू नका. पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच ठरली आहे, म्हणजे हा दोष परत येणार. नमुन्यासाठी आधी स्वतः पावसाळ्यात घरं मोजून यादी करा.

आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जमात वेगवेगळी छापलेली नसते, सगळ्या अनुसूचित जमाती एकत्र असतात. तिथून 'कातकऱ्यांचं कुपोषण' काढता येत नाही, तसं कोणी लिहिलेलं दिसलं तर ते पुढे नेऊ नका.

---

कुडाची भिंत

जमिनीबद्दल. 'जमीन आहे का' हा प्रश्नच काढून टाका. त्याजागी चार वेगळे प्रश्न घाला: घर कोणाच्या जागेवर आहे, कागद कोणाच्या नावावर आहे, गेल्या पावसात प्रत्यक्ष किती कसलं, आणि पीक घरात किती आलं.

महादेव कोळी घरात सातबारा बहुतेक मिळतो. पण गाव नमुना सातवर कब्जेदारांची नावं मोजा. आजोबांच्या नावाची जमीन वारसनोंदीने बारा-चौदा नावांवर सामाईक झालेली असते. एकूण क्षेत्र २ हेक्टर दिसतं, आणि पाहणीवाले ते समोरच्या एका घराच्या नावावर मांडून टाकतात. प्रत्यक्ष त्या घराची वहिवाट असते अर्ध्या एकराच्या दोन खाचरांची आणि वरकस उतारावरच्या नाचणी-वरईच्या तुकड्याची. भात खाचर, वरकस आणि पोटखराबा (लागवड न होणारा भाग) हे तीन आकडे वेगळे लिहा. एकत्र बेरीज निरर्थक आहे, कारण पोट भरतं ते खाचरावर. 'इतर हक्क' रकानाही वाचा. तिथे सोसायटीचा बोजा, जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ खालचं हस्तांतरणाचं बंधन आणि बहिणींचे हक्क यांची नोंद असते. आदिवासीची जमीन मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. या बंधनामुळे जमीन टिकते, हे महादेव कोळ्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं भांडवल.

कातकरी वाडीत उलटी तऱ्हा. कितीतरी वाड्या खाजगी जमिनीवर वसलेल्या आहेत. पूर्वी जमीनमालकानेच राखणीला, लाकूडतोडीला, कोळशाला म्हणून वसवलेल्या. सातबारा काढला तर त्यावर मालकाचं नाव, आणि वाडीचा उल्लेख 'इतर हक्कां'तही नाही. चाळीस घरं, विहीर, अंगणवाडी उभी असते आणि कागदावर ते पडीक शेत. इथे बघायचा तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी. त्यात घर कोणाचं आणि जागा कोणाची हे वेगळं लिहिलेलं असतं. घरपट्टीची जुनी पावती वाडीचं वय सिद्ध करायला उपयोगी पडते. राहत्या घराच्या जागेला कुळकायद्याच्या कलम १६ ते १८ चं संरक्षण मागता येतं, गावठाण विस्तारासाठी महसूल संहितेचं कलम १२२ आहे. प्रश्नावलीत एवढंच विचारा: नमुना ८ वर नाव आहे का, आणि मालकाने गेल्या पाच वर्षांत उठायला सांगितलं का. मुंबई-पुण्याजवळच्या तालुक्यांत जमिनीचे भाव चढल्यापासून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं झालं आहे.

याचा थेट परिणाम घरकुलावर होतो. कातकरी विशेष असुरक्षित आदिम गटात येतात. राज्यात असे तीनच गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून त्यांना पक्कं घर मिळतं. पण पायाखालची जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर मंजुरी येऊनही काम अडतं. 'घरकुल मिळालं का' याऐवजी 'मंजूर / जागेअभावी अडलं / हप्ता अडकला / पूर्ण' असे पर्याय द्या.

कर्जतला आणखी एक गोष्ट विचारायला विसरू नका, ती म्हणजे दळी. रायगडातल्या या वनजमिनी इंग्रजांच्या काळापासून ठाकूर-कातकऱ्यांना गटाने कसायला दिलेल्या आहेत. सातबाऱ्यावर त्या वनखात्याच्या, कसणारा आदिवासी, आणि नोंद बऱ्याचदा गटाच्या नाईकाच्या नावावर. 'जमीन आहे का' म्हटलं की दळी कसणारा 'नाही' म्हणतो, कारण ती त्याच्या लेखी सरकारची.

वनहक्क कायद्याचे दावेही वेगळे नोंदवा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि किमान दोन पुरावे लागतात. महादेव कोळी कुटुंब एकाच जागी वर्षानुवर्षं कसत असल्याने वनखात्याच्या दंडाची पावती, बांध, ताल दाखवू शकतं. सहा महिने भट्टीवर असणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे यातलं काहीच नसतं. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही नियमांत धरलेला पुरावा आहे, पण दावा भरून देणाऱ्याने ते सांगितलेलं नसतं. नाकारलेल्या दाव्यांची कारणं दोन्ही समाजांत विचारलीत, तर तुमच्या पाहणीतला सर्वात उपयोगी तक्ता त्यातून निघेल.

---

हजारी

वीटभट्टीचं उत्पन्न. उचल हे उत्पन्न नाही, ती आगाऊ घेतलेली मजुरी आहे. ती उत्पन्नात धरली आणि हंगामाची मजुरीही धरली तर तेच पैसे दोनदा मोजले जातात. ही चूक सर्रास होते.

मजुरी जोडीवर असते, म्हणजे नवरा-बायको मिळून एक एकक. दर हजार विटांना. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून किंवा शेठकडून उचल घेतात. भट्टीवर आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते. शेवटी हिशोब होतो. खालचं उदाहरण पद्धत कळावी म्हणून घेतलं आहे. दर तुमच्या भागातले भरा.

समजा जोडी दिवसाला ८०० विटा थापते, महिन्याला २२ दिवस, सहा महिने. १३२ दिवसांच्या १,०५,६०० विटा. फूट म्हणून मालकाने ५ टक्के कापले, उरल्या १,००,३२०. दर हजाराला ७०० रुपये धरला तर मजुरी ७०,२२४. उचल २५,०००. खर्ची १,२०० प्रमाणे २६ आठवडे, म्हणजे ३१,२००. हातात आले १४,०२४.

आता याच जोडीतली बाई आजारी पडली किंवा बाळंत झाली आणि २५ दिवस थापणी बंद राहिली असं समजा. दिवस १०७, विटा ८५,६००, फूट जाऊन ८१,३२०, मजुरी ५६,९२४. उचल आणि खर्ची तेवढीच. हातात ७२४ रुपये. आणखी दोन दिवस मोडले की बाकी उलट फिरते आणि पैसे 'अंगावर राहतात'. मग पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं, दर विचारायची सोय राहत नाही. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि उचलीपोटी बांधून घेतलेलं काम त्याच्या व्याख्येत बसतं. पण पाहणीत 'तुम्ही वेठबिगार आहात का' असं विचारून काही कळणार नाही. विचारा: हिशोबाला अंगावर किती राहिले, मध्येच दुसऱ्या भट्टीवर जाता आलं असतं का, वही कोण लिहितं, तुमच्याकडे तिची प्रत आहे का.

अवकाळी पाऊस झाला की वाळत घातलेल्या कच्च्या विटा विरघळतात. कुठे मालक त्या मोजणीत धरतो, कुठे धरत नाही. हाही प्रश्न घ्या, फरक मोठा पडतो.

आणि मजुरीला श्रमदिवसांनी भागा. वरच्या पहिल्या उदाहरणात ७०,२२४ भागिले २६४ (दोन माणसं, १३२ दिवस), म्हणजे माणशी दिवसाला २६६ रुपये. दहा-बारा वर्षांचं मूल विटा उलटायला, पलटायला मदत करत असेल तर तो भागाकार आणखी खाली येतो. मुलांचे दिवस वहीत कुठेच नसतात.

---

हिरडा

वरचं सगळं वाचून महादेव कोळी सुस्थितीत आहेत असं चित्र उभं राहतंय, ते दुरुस्त करायला हवं.

त्यांच्याकडे जमीन आहे, पोलीस पाटीलकी, गावकी, राजकारणात जागा आहे. जव्हारचं मुकणे संस्थान या समाजाचं, राघोजी भांगरे याच समाजाचे. शिक्षण आणि आरक्षणातून नोकऱ्यांत आलेली पहिली पिढी आता निवृत्त होते आहे. हे सगळं खरं. पण डोंगरातलं घर वर्षभर भातावर चालत नाही. समजा एक एकर खाचरात ८ क्विंटल भात आलं. गिरणीतून क्विंटलला ६५ किलो तांदूळ धरला तर ५२० किलो. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो लागतात, म्हणजे महिन्याला ६०. साडेआठ महिन्यांत संपतं. म्हणून घाटमाथ्यावरची माणसं नारायणगाव, आळेफाट्याच्या मजूर बाजारात उभी असतात, टोमॅटो-द्राक्षाच्या कामाला. डिंभे धरणाने आंबेगावच्या याच लोकांची खाचरं गेली, पाणी खाली सपाटीला गेलं, वर उन्हाळ्यात टँकर.

तुलनेत हे दोन प्रकारे चुकतं. एक, घरी खाल्लेलं धान्य उत्पन्नात धरत नाहीत. मग शेतकरी घर कागदावर भट्टीच्या घरापेक्षा गरीब दिसतं. वरचा ५२० किलो तांदूळ गावच्या बाजारभावाने रुपयांत मांडा, बी, खत आणि मजुरी वजा करा. बाळहिरडा, मोह, जळण, मासे, खेकडे, रानभाज्या दोन्ही समाजांसाठी धरा. पावसाळ्यात कातकरी घराचं बरंचसं कालवण ओढ्यातून येतं, आणि ते एकाही पाहणीत दिसत नाही.

दोन, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. तो कुटुंबात धरायचा का? एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब, ही व्याख्या धरा. तो पाठवतो ते पैसे वेगळ्या रकान्यात लिहा, त्याचा पूर्ण पगार घरात मिसळू नका. एक-दोन पगारदार घरं संपूर्ण सरासरी वर ओढतात, म्हणून सरासरीऐवजी मध्यक (घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या आणि शेजारी तळची चौथाई घरं कुठे आहेत ते दाखवा.

---

माळशेज

सगळ्यांचे आभार. हे आधी कळलं नसतं तर चुकीची प्रश्नावली छापली गेली असती. दोन गोष्टी राहिल्या: पाहणीचा महिना, आणि कर्जतची माहिती शहापूर-मुरबाडमध्ये मिसळायची की नाही. शिवाय रेशनचा रकाना कसा आखावा?

---

खाचर

मिसळू नका. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रात) नाही. शहापूर तालुका आहे, मुरबाडचा काही भाग आहे. म्हणजे कर्जतच्या कातकरी वाडीला पेसाची (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याची) ग्रामसभा नाही, पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा ५ टक्के अबंध निधी नाही. पेणचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, पण कायद्याचा आधार वेगळा. महादेव कोळ्यांचे अकोले आणि जुन्नर-आंबेगावचे डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे दोन समाजांतला काही फरक हा समाजाचा नसून नकाशावरच्या रेषेचा असतो. प्रत्येक गावापुढे 'अनुसूचित क्षेत्रात / बाहेर' लिहा आणि तक्ते वेगळे काढा.

रेशन: कातकरी कुटुंबाला अंत्योदय कार्ड मिळायला हवं, महिन्याला घरामागे ३५ किलो. महादेव कोळी घर बहुधा प्राधान्य गटात, माणशी ५ किलो. चार माणसांचं घर असेल तर ३५ विरुद्ध २०, सातला बरोबरी, आठ माणसांच्या कातकरी घराला उलट कमी. म्हणून फक्त कार्डाचा रंग लिहू नका. घरातली माणसं, कार्डावरची नावं आणि गेल्या सहा महिन्यांत किती महिने धान्य उचललं, हे तीन आकडे घ्या. भट्टीवर असताना तिथल्या दुकानात धान्य मिळालं का, हा चौथा.

---

हजारी

महिन्याबद्दल. दोन फेऱ्या करा. पहिली सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. लावणी संपलेली असते, कापणी सुरू झालेली नसते, दोन्ही समाज घरी. उचल नुकतीच घेतलेली असते, रक्कम तोंडावर असते. दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, हिशोब होऊन आठ-दहा दिवस झाले असताना. दिवाळीनंतर गेलात तर वाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. शाळेचंही दुसऱ्या फेरीत विचारा: पट नको, मूल शेवटचं कोणत्या महिन्यात वर्गात बसलं ते. पटावर नाव असतं आणि मूल नोव्हेंबरपासून भट्टीवर असतं.

वाडीत माहिती घेताना मुकादमाच्या ओट्यावर बसू नका. बऱ्याचदा तो वाडीतलाच असतो, आणि त्याच्यासमोर अंगावरची रक्कम कोणी खरी सांगणार नाही. खर्ची कुठे गेली हे बाईला विचारा, आठवड्याचा बाजार तीच करते. आणि गावातल्या महादेव कोळी कार्यकर्त्याला सोबत घेऊन कातकरवाडीत जाऊ नका. लावणीला याच घरांतली माणसं त्याच्या किंवा त्याच्या भावकीच्या शेतात मजुरीला जातात. तो कितीही भला असला तरी त्याच्यासमोर मजुरीचा दर विचारता येत नाही.

याच कारणाने प्रश्नावलीत एक ओळ वाढवा: गेल्या पावसात लावणीला कोणाच्या शेतात गेलात, किती दिवस, रोख किती आणि भात किती मिळालं. महादेव कोळी घरात तोच प्रश्न उलटा विचारा: लावणीला मजूर कुठल्या वाडीचे आणले, किती दिवस, काय दिलं. दोन्हीकडचे आकडे एकाच गावात ताडून बघता येतील.

---

कुडाची भिंत

हजारींच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड. दोन्हीकडे पाणी कुठून भरता हेही विचारा, आणि फक्त अंतर नाही तर विहीर कोणाच्या वस्तीत आहे, उन्हाळ्यात कोणाचा नंबर आधी लागतो. वाडीची विहीर मार्चमध्ये आटली की बायका गावठाणातल्या विहिरीवर जातात. तिथे काय होतं ते दुष्काळाच्या दोन महिन्यांतच दिसतं, सप्टेंबरच्या फेरीत सगळे 'पाणी आहे' म्हणतील. मे महिन्यात, भट्टीवर न गेलेल्या घरांपुरती का होईना, एक छोटी पाण्याची फेरी ठेवा. वीस घरं पुरेत.